पाण्याखालचे चार थर

सर,

गेल्या दिवाळीत तुमचा डोंगर जगभरच्या लोकांनी पाहिला. साडेतीन सेकंद पाहिला. तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला येऊन सांगावं असं माझ्या हातून पहिल्यांदाच काहीतरी झालं होतं. ते राहिलं नाही. कसं गेलं, तेच लिहायला बसले आहे.

मी काय काम करते ते आधी सांगायला हवं. तुमच्या वेळी व्हिडिओ गेम म्हणजे सहलीच्या एसटीत पोरं मांडीवर घेऊन बसायची तो विटा पडणारा डबा. आता अख्खा मुलूख बनवतात. कुठंच नसलेला मुलूख, त्यात जादूगार, राक्षस, पडके किल्ले, आणि खेळणारा माणूस त्यातलंच एक पात्र होऊन महिनोन् महिने तिथं हिंडतो. कुणाशी मैत्री करायची, कुणाशी लढायचं, कुठल्या वाटेनं जायचं, सगळं त्याचं तो ठरवतो. त्या मुलखातलं प्रत्येक झाड, भिंतीवरचं शेवाळ, पायाखालची माती कुणीतरी काढावी लागते. परदेशातली एक कंपनी असा एक मोठा खेळ बनवते आहे आणि त्यातल्या डोंगरांचं काम पुण्यात आमच्या स्टुडिओकडे आलं. चार वर्षं मी दगड काढते आहे. आई गावात सगळ्यांना सांगते, "आमची पोरगी कम्प्युटरवर दगडं घडवती."

खेळ अजून यायचा आहे, पण त्याची वाट बघणारे लोक तुम्ही बघायला हवे होते. कंपनीनं मोजकी चित्रं दाखवली आहेत, तेवढ्यावर ते जगतात. एका तळ्याच्या चित्रातल्या सावल्यांवरून त्यांनी तिथला सूर्य कुठं मावळतो ते काढलं. झेंडा एकीकडे उडतोय आणि बाईचे केस दुसरीकडे, यावरून तीन दिवस भांडले. गवत कसं दिसेल, पाऊस पडल्यावर दगड ओला दिसेल का, धुकं दरीतून वर चढेल का, इंटरनेटवर हेच त्यांचं बोलणं. त्यांच्यात एक ट्रकवाला होता, कुठल्याशा थंड देशातला. तो फक्त दगडांबद्दल लिहायचा. मी मनातल्या मनात त्याला दगडवाला म्हणायचे. एकदा त्यानं लिहिलं होतं, "झाडं कुणीही काढतं. दगड बघितला की मला कळतं, काढणाऱ्यानं तो कधी हातात घेतलाय की नाही." जेवणाच्या सुट्टीत डबा खाताखाता मी हे वाचलं आणि घास तसाच हातात राहिला. कारण हे तुमचं बोलणं होतं. त्याला उत्तर द्यावं असं फार वाटलं, पण आमच्याकडून करार लिहून घेतलेला असतो. खेळ येईपर्यंत मी कशावर काम करते हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही, आईलासुद्धा फक्त 'दगड' एवढंच. त्यामुळे मी रोज नुसतीच वाचायचे, शेजारच्या घरात आपल्याबद्दल बोलणं चालू असावं आणि भिंतीला कान लावून ऐकावं तशी.

सातवीत होते मी. चित्रकलेच्या तासाला 'माझे गाव' काढा म्हणालात आणि मी सगळे काढतात तेच काढलं. दोन टोकदार डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, काठावर नारळ. तुम्ही माझ्या बाकाशी येऊन उभे राहता. रागावलात की तुमची बोली थेट डोंगरातली व्हायची. "नारळ कुटं पाह्यला गं पिंपळवंडीत?" पोरं हसतात. "आन् ह्यो डोंगर? ह्यो कुणाचा?" मी म्हणते, "डोंगरच आहे सर." "आसा आस्तो व्हय डोंगर? आपल्याकडं एक तरी आसा टोकाचा दाव मला." मनगट धरून तुम्ही मला व्हरांड्यात आणता. समोर जुन्नरकडची रांग पसरलेली आहे. माथा सपाट, खाली कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, वरपासून खालपर्यंत कुणी पायऱ्या पाडाव्यात तसे. रोज दिसणारे डोंगर, पण ते असे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. "मोज," तुम्ही म्हणालात. "काय मोजू?" "थर मोज. लाव्हा एकावर एक सांडत गेला, त्येचे थर हायेत ते. मोजल्याबिगर डोंगर काढायचा न्हाई." मी रडत रडत मोजले. नऊ भरले. मग तुम्ही नवा कागद दिलात आणि माझं रडं थांबेपर्यंत तिथंच उभे राहिलात.

दहावीत आम्हा चौघींना तुम्ही डिंभ्याला नेलंत, तेही मला स्वच्छ दिसतं. घोडेगावला एसटी बदलली. धरण भरलेलं होतं. आम्हाला वाटलं पाणी काढायला आणलंय. तुम्ही भाकरी आणि ठेचा सोडलात, पाण्याकडे बोट केलंत आणि भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणालात, "तिथं आमचं घर व्हतं. त्येच्या म्होरं भाताची खाचरं." मग तुम्ही पलीकडच्या डोंगराकडे बघायला सांगितलंत. पाण्यातून वर सात थर दिसत होते. "हे सात तुमी बगताय. खाली आनखी चार हायेत. मला पाठ हायेत ते. तिसऱ्या थरात पानी झिरपायचं, तिथं वर्सभर हिरवं राह्यचं. चौथ्यावर आमी गुरं न्यायचो." आणि म्हणालात, "मी गेलो का मग हे कुनाला ठावं?" त्या दिवशी तुम्ही पेन्सिलनं तो डोंगर पायथ्यापासून काढलात, अकराच्या अकरा थर, आणि कागद मला दिलात. माझ्या तिघी मैत्रिणी रुसल्या. मलाच का दिलात ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मला विचारायचं सुचलं नाही.

तर सर, या खेळात एक सरहद्द आहे. तिथं एक राज्य संपतं आणि पुढं काय आहे ते कुणाला माहीत नाही. तिथं एक डोंगर हवा होता. जुना, थकलेला, दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल असा. मी तुमचा कागद काढला. घडीवर तो फाटला होता आणि नेमके खालचे थरच पुसट झाले होते. मी सुट्ट्या टाकून डिंभ्याला गेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा वरून आठवा, अर्धाच उघडा पडलेला थर पाहिला, हात लावून पाहिला, फोटो काढले, वह्या भरल्या. अकरा महिने लागले. कारवीची झुडपं, पाण्याच्या वाहण्याचे काळे डाग, तिसऱ्या थरातला तो झिरपा आणि त्याखालचं हिरवं, सगळं केलं. पायथ्याशी तुमच्या खाचरांची जागा सपाट ठेवली, पाणी न घालता. पृथ्वीवर तो डोंगर पायथ्यापासून उभा असा आता कुठंच दिसत नाही. माझ्या पडद्यावर दिसत होता.

दिवाळीत खेळाची पहिली झलक आली, मी गावीच होते. झलक सगळ्या जगासाठी खुली झाली म्हटल्यावर आईला दाखवायला हरकत नव्हती. ओट्यावर बसून ती फोन डोळ्यांजवळ धरते. घोडे येतात, आग येते, तिला काही कळत नाही. मग तो डोंगर येतो आणि आई ओरडते, "आगं, ह्यो तर डिंभ्याकडचा डोंगर!" तिचं माहेर घोडेगाव. साडेतीन सेकंदांत ओळखला तिनं. मग म्हणाली, "पन खालचं पानी कुटं गेलं गं?" मला एवढं रडू आलं की ती घाबरली. सर, त्या संध्याकाळी तुम्ही असायला हवे होतात. तेवढी एकच संध्याकाळ.

पाचव्या दिवशी दगडवाल्यानं लिहिलं. झलक थांबवून, चित्र मोठं करून, त्यानं माझे थर एकाशेजारी एक लावले होते. "बघा. कडा, उतार, कडा, उतार. जाडी जवळजवळ सारखी. निसर्ग असं करत नाही. हे एआयनं काढलेलं आहे." एआय म्हणजे चित्रं काढणारं यंत्र, सर. शब्दांत सांगायचं, ते क्षणात काढून देतं. त्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणांची कामं गेली आहेत आणि हे लोक त्यावरच चिडलेले असतात. आमच्या बाजूनं चिडलेले असतात. म्हणजे माझी बाजू घेऊनच ते माझ्यावर तुटून पडले. दोन दिवसांत माझ्या डोंगरावर शिव्यांचा नुसता पाऊस पडला. आत्मा नसलेला डोंगर, असं कुणी म्हटलं. आम्ही इतकी वर्षं वाट बघितली ती यासाठी का, असं एकीनं लिहिलं, आणि ते खरंच दुःखानं लिहिलेलं होतं. मी फोनवर बोटं ठेवून बसले होते. 'मी काढलाय, हातानं काढलाय, या माझ्या वह्या' एवढंच लिहायचं होतं. एवढंच लिहिता येत नव्हतं.

कंपनीनं विचारणा केली. मी व्हिडिओ कॉलवर वह्या दाखवल्या, फोटो दाखवले, तुमचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. पलीकडची बाई बराच वेळ बघत राहिली. तिला पटलं, तिचा चेहरा सांगत होता. ती म्हणाली, फार सुंदर आहे, पण खेळणारे लोक या वह्या बघणार नाहीत. कॉल संपल्यावर आमचा प्रमुख, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. "मॅडम, डोंगर खरा आहे हो. मी स्वतः खेडचा आहे, मला शिकवायला नको. पण लोकांना खोटा वाटतोय ना." मी म्हटलं, "मग काय करायचं?" तो म्हणाला, "लोकांना जसा डोंगर माहितीये तसा करायचा. टोकाचा. वर बर्फ." आणि मग खाली बघत म्हणाला, "तीन आठवडे आहेत. हातानं होणार नाही. कच्चं काम एआयकडून घेऊ, तुम्ही फक्त वरून हात फिरवा."

मी हात फिरवला, सर. नोकरी सोडावी असं मनात आलं नाही असं नाही, पण मी सोडली नाही. यंत्रानं एका दुपारी टोकदार शिखरांची रांग काढून दिली. मी त्यावर बर्फ नीट बसवला, कडा खरवडल्या, दोन-चार ठिकाणी मुद्दाम चुका केल्या. तुमचा डोंगर त्याच आठवड्यात फायलीतून निघाला. तो माझ्या मालकीचा नाही, घरी आणता येत नाही. त्याच्याबरोबर खालचे चार थरही गेले. ते मी एकदा उभे केले होते, पुन्हा करायला ना ते दिवस उरलेत ना ती उमेद.

त्यानंतर एका शनिवारी गावी चालले होते. मंचर सुटलं की डावीकडे डोंगर दिसायला लागतात, मी नेहमी तिकडचीच खिडकी धरते. ऊन तिरपं होतं, थर अगदी स्वच्छ दिसत होते. कडा, उतार, कडा, उतार. आणि मला वाटून गेलं, फारच सारखे आहेत, कुणीतरी चिकटवलेत. क्षणभरच वाटलं. पण वाटलं. तुम्ही व्हरांड्यात उभं करून मला जे दिलं होतं ते त्या क्षणी गेलं, असं मी समजते. नारायणगाव येईपर्यंत मी मान खाली घालून बसले. मोजायचं तर सोडाच, पुन्हा बघायचंही धाडस झालं नाही.

मागच्या आठवड्यात नवी चित्रं बाहेर आली. लोक खूश आहेत. पुन्हा वाट बघायला लागले आहेत, पुन्हा बर्फाच्या सावल्या मोजायला लागले आहेत. दगडवाल्यानं लिहिलं, "आता पटलं. हा डोंगर कुणीतरी प्रेमानं, स्वतःच्या हातानं घडवलाय. तो जो कुणी असेल, त्याला माझा सलाम." खाली लोकांनी पसंतीच्या लाल बदामांची रांग लावली होती.

हे पत्र कुठं टाकणार. तुमच्या घरचा पत्ता पाण्यात आहे, आणि तुम्ही त्याच्याही पलीकडे. लिहून झालं की वहीत ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलं. दगडवाल्याच्या त्या वाक्याखाली मीही एक बदाम टाकला. खोट्या नावानं टाकला, पण टाकला. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी काढणाऱ्याला सलाम केला होता, सर, आणि तो घेतल्यावाचून मला राहवलं नाही.