मागून येणारा ट्रेलर

२६ एप्रिल, सकाळ
ट्रेलर तयार. एक्सल जुन्या जीपचा, डोकं माझं. संस्कृतीला नागपुरात बँकेत नोकरी लागलीय, ११ मेला हजर व्हायचंय. ती पुढं गेली. तिच्या खोलीचं सामान बाप स्वतःच्या ट्रेलरमधून नेणार, हे भावकीत जाहीर केलंय. मेव्हणा बन्सी टेम्पो देतो म्हणतो. फुकट. मग जन्मभर ऐकायचं. नको.
बायको ट्रेलरला ‘गाडा’ म्हणते. दुर्लक्ष.

२८ एप्रिल
चैन नाही. जेवता जेवता उठून नट आवळून आलो. यूट्यूबवाला म्हणतो, निघण्याआधी लोड टेस्ट करा. माझ्या कामाला टेस्ट? करू. लोकांना बघायला मिळेल.

१ मे
वाळूच्या गोण्या भरायला कुणी येईना. आयडिया! माणसंच बसवू. आपापली चढतात, आपापली उतरतात. गल्लीला पोह्यांचं आवतण.

३ मे
ट्रेलर आमच्या जीपला जोडला. आधी नारळ. हुकावरच फोडला. हूक किंचित वाकला. शुभ असतं.
‘मधे बसा’ म्हणून ओरडलो. पण ट्रॉली दिसली की आपली माणसं मागच्या कडेला पाय सोडूनच बसणार. शेजारच्या लंकाबाई शेवटी टेकल्या आणि पुढचा दांडा जीपचा बंपर घेऊन आभाळात. गल्ली मातीत. लंकाबाई धूळ झटकत म्हणाल्या, “भाऊ, गाडा नागपूरला न्यायचाय का चंद्रावर?”
निष्कर्ष: ट्रेलर पास, लोक नापास.

५ मे
बंपर तारेनं बांधला. मागं भार नको, हे कळलं. म्हणून कपाट, गाद्या, ज्वारीचं पोतं सगळं पुढं रचलं. आता जीपच मागून खाली बसली. बायको म्हणाली, “पोरगी फरशीवर झोपती तिकडं. गादी तरी पोचंल का?” पोचेल म्हणालो. जरा जोरात.

७ मे
रोड टेस्ट. मिरजगावच्या वेशीपर्यंत उत्तम. तिथं एक चाक मला ओव्हरटेक करून गेलं. कुणाचं म्हणून हसलो.

८ मे
बन्सी टेम्पो घेऊन आला. टोमणा एकही नाही. फार लागलं. “दाजी, फुडं बसा,” एवढंच म्हणाला. मी मागं, कपाटाशेजारी बसलो. सामानावर लक्ष कुणी ठेवायचं?

९ मे, नागपूर
संस्कृती धावत खाली आली. आधी गादीला मिठी, मग मला. टेम्पोच्या मागं वाकून बघत म्हणाली, “पप्पा, तुमचा ट्रेलर?”
मागून येतोय म्हणालो.
फोनच्या स्पीकरवर तिची आई होती. “कुठला येतोय! कुरडया वाळत घातल्यात त्याच्यावर. तेवढं वजन पेलतोय बाई.”