गॅरेजच्या दाराची नवी मोटर

चिरंजीव,

माझी गाडी घेऊन बाहेर चाललोय. परत कधी येईन ते मुद्दाम लिहीत नाही.

तू स्वतः बसवलेल्या मोटरचं कौतुक करावं तेवढं थोडं. जुनी मोटर अख्खी गल्ली उठवायची, आणि दार अर्धं वर जायच्या आत तू धावत यायचास, "बाबा, कुठे निघालात?" आज दार अलगद वर गेलं. तू सोफ्यावर घोरत होतास.

दोन्ही रिमोट माझ्याकडे आहेत, त्यामुळे तुझी गाडी आत अडकली. दार हाताने उघडण्यासाठी एक लाल दोरी असते. ती तू "लोंबतेय, वाईट दिसतं" म्हणून कापलीस. मी टोकलं, तर म्हणालास, "बाबा, तुम्ही फक्त टॉर्च धरा." धरला.

खाली सांडलेले बारीक स्क्रू शोधायला माझे डोळे चालले. गाडी चालवायची म्हटली की मात्र मला दिसत नाही. तेही तू मला सांगितलं नाहीस, परस्पर माझ्या गाडीच्या गिऱ्हाइकाला सांगितलंस.

तो संध्याकाळी येईल. त्याला जुनी मोटर दे. म्हातारी झालीय, कुरकुर फार करते. घराबाहेर काढताना तुला जड जाणार नाही.

बाबा