हट्टा की साखरा

हिंगोली
मार्च २००८

प्रिय आफिफा,

सलाम आणि जय भीम. परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसती "हो, हो" करत राहिले आणि "कुकर लावलाय" म्हणून ठेवून दिला. तू रागावली नसशील, मला माहीत आहे. पण तुझ्या बोलण्याला द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. आजकाल सगळ्यांच्याच बाबतीत असं होतं. कुणी बोलतं, शब्द कळतात, पण आत काही हलत नाही. कागदावर लिहिताना निदान वाक्य पुरं करावं लागतं, म्हणून लिहायला बसले. तुझं मराठी बिदरला जाऊन गंजलं नसेल असं धरून चालते.

इथलं बरं चाललं आहे. शाळेत मला यंदा दुसरीचा वर्ग दिलाय. आमची सपना जूनमध्ये पहिलीत जाईल. शिवारात हळद शिजायला लागलीय, मार्केट यार्डाकडून जाताना तुझं डोकं दुखायचं तो वास सगळ्या गावात भरलाय म्हणे. सासूबाई परवा म्हणाल्या, "करुणे, तुला वास न्हाई येऊन राहिला का?" मी म्हटलं सर्दी झालीय. त्यांनी काढा करून दिला. मी प्यायले. तो कडू होता की गोड, ते आता आठवत नाही.

मला तुला भीमराजच्या पुण्यानुमोदनाच्या दिवसाबद्दल सांगायचं आहे. तू तेव्हा बाळंतपणात होतीस, नुकतं लेकरू झालेलं, येणं शक्यच नव्हतं. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. अब्बा आले होते. तुझे अब्बा म्हणजे माझे मोहियोद्दीन चाचा. आता मंडप-भोंग्यांचं दुकान त्यांनी माणसांवर सोडलंय, पण आमच्या दारातला मंडप त्यांनी स्वतः उभा राहून बांधून घेतला. भीमराजच्या आजाराचं तुला त्यांनी सांगितलं असेलच. दिवाळीनंतर त्याचे डोळे पिवळे झाले. मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस, तारेच्या रंगावरून तार ओळखणारा, आणि आरशात बघून म्हणाला, "बल्बचा उजेड पिवळा पडून राहिलाय." आधी गावठी औषध झालं, मग इथला दवाखाना, मग नांदेड. तिथे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून कावीळ लिव्हरमध्ये उतरल्याचं सांगितलं. मी "बरं" म्हटलं. शाळेत शिपाई निरोप सांगतो आणि आपण बरं म्हणतो, तसं. डिसेंबरात तो गेला. बायकांनी मला फार समजावलं. "रड बाई, मोकळी हो," असं प्रत्येकीने पाठीवर हात फिरवून सांगितलं. मी प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. पण डोळ्यांना पाणी येईना.

तर त्या दिवशी भंतेजींची वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे आपापल्या गाड्यांना गेले. मंडपात थोडी माणसं मागे राहिली. ती कोण होती, सांगू? सगळी आपल्या "ठिणगी" बँडच्या वेळची. साखऱ्याचे उकंडराव, ज्यांनी तिथला कार्यक्रम ठरवला होता. त्यांच्या मिशा आता पांढऱ्या झाल्यात. तांड्यावरचा थावरा, जो लुना घेऊन बँडच्या टेम्पोमागे गावोगाव फिरायचा. आणि चाचा. सगळे मान खाली घालून बसले होते. मग थावरा सतरंजीकडे बघतच म्हणाला, "कायबी म्हणा, हिंगोलीचा पोग्राम म्हणजे पोग्राम. तसा पुन्हा झाला न्हाई." उकंडराव म्हणाले, "तू साखऱ्याला व्हता का?" थावरा म्हणाला, "व्हतो की. साखऱ्याला काय ऐकू आलं? लाइट तर गेली व्हती." आणि चाचा मंडपाच्या दोरीची गाठ चाचपत मधेच म्हणाले, "हट्टा." बस, एवढंच. जणू न्यायाधीश निकाल देऊन उठले.

मी दारात उभी होते. तुला म्हणून सांगते, ज्या दिवसांत मला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं, त्या दिवसांत हे तीन आवाज स्पष्ट ऐकू आले.

मग ती माणसं विसरलीच की आपण कुठे बसलोय. थावरा सांगू लागला तो रामलीला मैदानावरचा कार्यक्रम. नव्याण्णव साल, हिंगोली परभणीतून फुटून नुकताच जिल्हा झालेला, गावभर फटाके. "ठिणगी बँड" असं पोस्टर लागलं म्हणून लोक वरातीचा बँड समजून आले होते आणि एका म्हाताऱ्याने चाचांना विचारलं होतं, "घोडा कुठाय?" तुला आठवतं, आपण दोघी टेम्पोच्या आड जाऊन हसून हसून खाली बसलो होतो. आणि मग चार पोरं वर चढली. ड्रम, ऑक्टोपॅड, गायकाच्या गळ्यात बेस आणि भीमराजची ती हैदराबादहून आणलेली, कुणीतरी वापरलेली लाल गिटार. भीमजयंतीला पेटीतबल्यावर ऐकलेली गाणी त्यांनी अशी उचलली, की मैदानावरची माणसं आधी गप्प झाली आणि मग उठून उभी राहिली. थावराचं म्हणणं, त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की आपलं गाणं एवढं मोठं असू शकतं. तो खोटं बोलत नव्हता. त्या गर्दीत मी त्याला नाचताना पाहिलंय. डोळे मिटून, एकटाच, लुनाची किल्ली दातात धरून.

चाचा हट्ट्यावर आले. हट्टा म्हणजे तुझं हट्टा, म्हणून मी कान देऊन ऐकलं. ते म्हणाले, "मेरे दोनों भोंगे फट गए थे उस दिन. पडदे फाटले, पण मी बंद केलं न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा माझं सामान कमी पडलं." त्यांनी गर्दी कशी सांगितली, माहीत आहे? घराच्या माळवदांवर बायका, बैलगाड्यांवर पोरं, आणि शाळेच्या पत्र्यावर इतकी माणसं चढली की हेडमास्तर हात जोडून खाली उभे. भीमराजने गाण्याच्या मधलं ते गिटारचं वाजवणं लांबवत नेलं, ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या, बाकीचे थांबले, आणि तो एकटाच वाजवत राहिला. तू मला चिमटा काढला होतास तेव्हा. मग तोच तुकडा लोकांनी पुन्हा मागितला, आणि पुन्हा. हे सांगताना चाचांचा आवाज इतका चढला की माझे दीर आतून आले आणि म्हणाले, "मयताच्या घरी काहून गोंधळ लावला? काही रीत हाय का न्हाई?" तिघांनी माना खाली घातल्या. उकंडराव चपला शोधू लागले. मी दारातून म्हटलं, "भाऊजी, बोलू द्या त्यांना." किती दिवसांनी माझ्या तोंडून आपणहून वाक्य निघालं होतं. दीर माझ्याकडे बघत राहिले आणि आत गेले.

मग उकंडरावांची पाळी. ते बोलणारे नाहीत. चाचरत म्हणाले की साखऱ्यात दिवसाच वीज राहायची, म्हणून त्यांनी कार्यक्रम सकाळी ठेवला. कोरडवाहू गाव, उन्हाळा, शेतात काम नाही, त्यामुळे झाडून सगळे आले. आणि दुसऱ्याच गाण्यात वीज गेली. जनरेटर सुरू होईना. गायकाचा माइक बंद, भोंगे बंद, गिटार बंद. "मला वाटलं, गावाची इज्जत गेली. पण कोनी उठलं न्हाई. बायांनी टाळ्या धरल्या, त्या टाळ्यांवर पोरं नरड्यानं गायली. दुपार झाली तरी लोक बसून. लाइट आली तवा एक बाई म्हनली, आता कशाला आली." चाचा म्हणाले, "वो भी बराबर है."

आणि मग थावराने मला विचारलं. "वैनी, तुमीच सांगा. तुमी तर सगळे पाह्यले."

सगळे माझ्याकडे वळले. आफिफा, मला उत्तर माहीत होतं. आपण दोघी नऊ वर्षं त्यावर भांडतोय. तू बिदरला गेल्यावरही दर ईदला आणि दर जयंतीला फोनवर तेच भांडण, तू हट्टा, मी साखरा. भीमराज बाजूला बसून ऐकायचा. एकदा तू त्यालाच विचारलंस तर म्हणाला, "हट्ट्याला गर्मीनं मळमळत व्हतं आन् साखऱ्याला भूक लागली व्हती. मला काय माहीत." तर एवढं पाठ असलेलं उत्तर मला देता आलं नाही. डोळ्यांसमोर सगळं येत होतं, त्याची बोटं, तो निळा शर्ट, कोपराशी उसवलेली शिवण. पण आवाज नव्हता. टीव्हीचा आवाज कुणी बंद करावा आणि चित्र चालूच राहावं, तसं. मी म्हटलं, "चहा आणते," आणि आत गेले. चहा केला, त्यांनी प्यायला. जाताना उकंडरावांनी माझ्यापुढे हात जोडले. मला वाटतं त्यांना लाज वाटत होती. मला मात्र काहीच वाटत नव्हतं.

तेव्हापासून असंच आहे. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही दुखत नाही. वर्गात मुलं कविता म्हणतात, मी हाताने ठेका देते. सपनाला न्हाऊ घालते, वेणी घालते. ती विचारते, बाबा कसे वाजवायचे. मी तिला सांगते, खूप छान. ती माझ्या तोंडाकडे बघते आणि खेळायला निघून जाते. पाच वर्षांचं लेकरू, पण त्याला कळतं की आई पाठांतर म्हणून राहिली.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही. साखऱ्याला वीज गेली तेव्हा तू चाचांबरोबर जनरेटरपाशी होतीस, रॉकेलचा डबा धरून. मी बायकांत, अगदी पुढे. सगळे गात होते, टाळ्या चालल्या होत्या, आणि भीमराज वाजवतच होता. वीज नसली की ती गिटार म्हणजे नुसती फळी, हे त्याला काय माहीत नव्हतं? तरी वाजवत होता, मान खाली घालून, एक सूर न चुकवता. गाणं संपलं, टाळ्या थांबल्या, गायक पाणी प्यायला वळला, तरी याचं चालूच. त्या शांततेत मला ते ऐकू आलं. किती बारीक आवाज असतो त्या तारांचा, कुणी पातेल्यात ज्वारीचे दाणे एकेक टाकावेत तसा. त्याने मान वर केली, मला बघताना बघितलं, आणि विचारलं, "ऐकू येऊन राहिलं का?" मी म्हटलं, "येऊन राहिलं." एवढंच. आमचं ते पहिलं बोलणं. घरी मागणी घालायला तो आला तो त्याच्या दोन वर्षांनंतर, पण माझ्या लेखी ठरलं ते तिथेच. हे तुला सांगितलं असतं तर आपलं भांडण त्याच दिवशी मिटलं असतं, तू म्हणाली असतीस, मग काय, तुझं साखराच. आणि मला ते मिटू द्यायचं नव्हतं.

चाचा मागच्या आठवड्यात येऊन गेले. हट्ट्याच्या लोकांनी यंदाच्या जयंतीला भीमराजच्या नावाने कार्यक्रम ठेवलाय. राहिलेली तिघं पोरं वाजवणार आहेत, पोरं कसली, आता बाप्ये झालेत. मला दोन शब्द बोलायला बोलावलंय. मी हो म्हटलं, मी सगळ्यालाच हो म्हणते. पण माझ्याजवळ दोन शब्द नाहीत, आफिफा, आणि हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे. तू ये. बाळ घेऊन ये, दुल्हेभाईंना चाचा फोन करतील. स्टेजवर तू बोल. हट्ट्याच्या लोकांसमोर, माझ्या लेकीसमोर, माइक धरून सांग की सगळ्यांत भारी कार्यक्रम इथला होता, हट्ट्याचा, भोंगे फाटले तो. साखऱ्याचं मी आत्ता जे लिहिलं ते वाचूनही, मुद्दाम, तसंच सांग. माझी दया करून साखऱ्याचं नाव घेऊ नकोस. इथे सगळे माझ्याशी इतकं सांभाळून बोलतात की मी रागवावं असं कुणी शिल्लकच नाही. तू तसं बोललीस तर कदाचित मला राग येईल. मी खाली बसल्या जागेवरून उठेन, म्हणेन, खोटं आहे, तुला काय माहीत, तू तर रॉकेलचा डबा धरून उभी होतीस. आणि मग जे येईल ते येईल. आलं नाही तर आपण दोघी जेवू आणि चाचांच्या टेम्पोत बसून हिंगोलीला परत येऊ. पण तू ये.

भांडायला तुझीच वाट पाहणारी,
करुणा