तीन कोटेशनं आणि चौदा फळे

३ फेब्रुवारी
मोठ्या बाईंनी मला शाळेच्या तंत्रज्ञान खरेदी समितीचा अध्यक्ष केलं. समितीत मी आणि संगणकाच्या बाई. मार्चअखेर उपमुख्याध्यापकाची जागा भरायची आहे, तेव्हा ही निवड उगाच नाही. घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही आणलेल्या मिक्सरचं झाकण अजून त्याला बसत नाही. दुर्लक्ष केलं.

७ फेब्रुवारी
संगणकाच्या बाईंची मागणी आली: चौदाही वर्गांत वायरिंग करून प्लग वाढवा. काय ही झेप! सोबत वायरमनचं एकच कोटेशन. ‘तीन कोटेशनं नाहीत, नामंजूर’ असा शेरा मारला. नियम म्हणजे नियम.

१२ फेब्रुवारी, दुपारी १
स्मार्टबोर्डवाले टाय लावून आले. तिन्ही कोटेशनं स्वतःच घेऊन आले: एक त्यांचं, दोन प्रतिस्पर्ध्यांची. याला म्हणतात सेवा. तिन्ही कागदांवर चहाच्या कपाचा डाग एकाच कोपऱ्यात. योगायोग. सर्वांत स्वस्त तेच निघाले. चौदा बोर्ड मंजूर, बजेट सफाचट. शिल्लक ठेवली तर पुढच्या वर्षी कापतात, एवढं अर्थशास्त्र मला कळतं.

१ मार्च
स्मार्टबोर्ड लावायला भिंत मोकळी हवी. संगणकाच्या बाई म्हणाल्या, बोर्ड सुरू होईपर्यंत जुने फळे राहू द्या. भित्र्या आहेत. चौदाही फळे भंगारवाल्याला विकून टाकले. दूरदृष्टी लागते.

९ मार्च
बोर्ड बसले. दिसतात झकास. वर्गात प्लग एकच, तोही मागे दाराशी. एक्स्टेन्शन ओढून सातवीतला बोर्ड सुरू केला. सबंध मजल्याची वीज गेली, मोठ्या बाईंच्या केबिनसकट. टायवाले म्हणाले, वायरिंग आमच्याकडे येत नाही. हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

१६ मार्च
परीक्षा तोंडावर. गणिताचे सर बोर्डाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने समीकरणं सोडवतात. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, सर, या काळ्या काचेत आम्ही फक्त स्वतःला बघायचं का? लाज वाटली. खरंच वाटली. मग शिक्षकांच्या खोलीत चहा आला.

२० मार्च, संध्याकाळी
मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, सोमवारी प्रत्येक वर्गात फळा दिसला पाहिजे. भंगारवाल्याकडे गेलो. फळे होते, भाव मी विकले त्याच्या दुप्पट. घासाघीस केली तर तिप्पट म्हणाला. गुपचूप दुप्पट दिले, माझ्या पगारातून. पावती घेतली, शाळा भरून देईलच. ही म्हणाली, गेलाच होतात तर मिक्सरचं झाकण बघायचं.

३१ मार्च
उपमुख्याध्यापक जाहीर झाल्या: संगणकाच्या बाई. मोठ्या बाई म्हणाल्या, त्यांनी निदान प्लग मोजले होते. मी मोठ्या मनाने अभिनंदन केलं आणि लगे हात पावती पुढे केली. उपमुख्याध्यापक बाईंनी ती नीट वाचली. नव्या खुर्चीतली पहिली सही तिच्यावरच केली. सहीच्या वर शेरा: ‘तीन कोटेशनं नाहीत, नामंजूर.’

टायवाल्यांना फोन लावला. उचलत नाहीत. घरी येताना आणखी दोन भंगारवाल्यांचे पत्ते विचारून ठेवले.