मॅनाटीच्या फोटोंआधी

देवांग,

अकरा महिने आपले व्हिसा वाढवायचे कागद दाबून बसलेत ते इमिग्रेशनवाले, आणि जीव मुठीत धरून जगायचं आपण! शुक्रवारी फ्लोरिडाला निघायचंय. मॅनाटींसोबत, त्या समुद्रगाईंसोबत पोहायचं म्हणून रुही बाथटबमध्ये स्नॉर्केल लावून बसते, आणि इकडे मी कागद मोजत बसते.

नव्या वॉटरप्रूफ पिशवीत कॅमेरा शोधू नकोस, तो कपाटात ठेवलाय. पिशवीत मी पासपोर्ट, अर्जाची पावती, लग्नाचा दाखला, तुझी डिग्रीसुद्धा भरली आहे. हस खुशाल. शेजारच्या नीलाकाकू म्हणतात, "अगं, डोमेस्टिक फ्लाइटला कोण विचारतंय?" त्यांना सिटिझनशिप मिळून वीस वर्षं झाली, त्यांचं काय जातंय बोलायला!

रुहीचा जन्म इथला, अमेरिकेतला, तिला कोणी अडवणार नाही. अडवतील ते आपल्याला.

मी कामावर निघाले. मटकीची उसळ फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. "काही होत नाही गं" हे मला ऐकवू नकोस, आणि फोनवर नुसता अंगठाही पाठवू नकोस. आपल्या दोघांना विमानतळावर बाजूला घेतलं, तर पोरीचा हात धरून तिला घरी कोण आणणार? नाव सांग.

पद्मिनी