राज्यात नववं आलेलं कॉलेज

पुणे, रविवार

प्रिय दादा,

तुला नि वहिनींना नमस्कार, राजनंदिनीला आत्याचा गोड पापा. माझे गुडघे आता बरे आहेत. वहिनींचा डोळा कसा आहे?

आमचं कॉलेज बीबीएसाठी राज्यात नववं आलं, म्हणून लेकीला इथेच घालायचं तू ठरवलंस म्हणे. तो नंबर कसा लागला ते ऐक. क्रमवारी छापणाऱ्या मासिकाने किती मुलांना नोकरी लागली त्याचे आकडे मागवले, संचालकांनी मनाला येतील ते पाठवले, तपासायला कुणी फिरकलं नाही.

नोकरी लागली का, हे माजी विद्यार्थ्यांना फोन करून विचारायचं काम माझ्या, म्हणजे ग्रंथपालाच्या, गळ्यात पडलं. तिसगावचा बजरंग म्हणाला, "नोकरी कुठली, मॅडम? आईबापासंगं ऊसतोडीला आलोय. तुमी आठवण काढली, लई बरं वाटलं."

मी तसंच कळवलं. संचालकांनी त्याला नोकरी लागलेल्यांत धरलं. कुठे? साखर उद्योगात! वर हसून विचारतात, "खोटं काय आहे त्यात, मॅडम?"

टाय लावलेली निर्लज्ज माणसं! नगरच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर चुकलेलं उत्तर मायेने समजावत, पण नक्कल दिसली की पान फाडत. इथे अख्खं कॉलेज फाडावं लागेल.

राजनंदिनीला नगरलाच कॉमर्सला घाल. तिथे निदान शिक्षक वर्गावर येतात. ती माझ्याकडे राहील म्हणून मी खिडकीजवळ तिचा पलंग मांडला होता. संध्याकाळी घरात कुणी बोलणारं असेल, असं वाटलं होतं.

तरीही तिला इथे पाठवू नकोस.

तुझी धाकटी,
पमा