दुपदरी लोकरीची माळ

कारापाता, २२ जानेवारी

चि. देइसीस आजी सातुर्निनाचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. तुझं लेथ मशीनचं सर्टिफिकेट काचेत घालून चुलीपासून लांब टांगलंय. येणाऱ्याला आधी ते दाखवते, मग चहा. मी तिसरीत शाळा सोडलेली, त्यातलं तुझं नाव आणि शहाण्णव गुण एवढंच वाचता येतं. तेवढं पुरतं. कळपातल्या पांढऱ्या लामाला पिल्लू झालं, आधी आंधळं वाटलं, पण बघतंय. काय सांगत होते? हां, कारखान्यात तीन महिने बघून कायम करणार ना? मग कार्निवालच्या मंगळवारी सगळे यंत्रांना माळा घालतात, तेव्हा तुझ्या लेथला घालायला लोकरीची माळ पाठवतेय. कागदाच्या माळा फटकन तुटतात. ही दुपदरी कातलीय. ओढून बघ, तुटायची नाही.

लोभ आहेच, तो वाढवायला पत्र धाड.

आजी

एल आल्टो, ४ फेब्रुवारी

ती. आजीस देइसीचा वाकून नमस्कार.

माळ पोचली. आजी, एक सांगते, कुणाजवळ बोलू नकोस. आपल्या गावच्या शाळेत बेचाळीस जणांत एकच लेथ होता. मोडला तर दुसरा मिळायचा नाही म्हणून हेडसरांनी तो झाकूनच ठेवला. तीन वर्षं आम्ही तो फळ्यावर पाहून वहीत काढला. कार्निवालला झाकण निघायचं, माळा पडायच्या, त्या पुढच्या कार्निवालपर्यंत तशाच. शहाण्णव गुण चित्राचे आहेत. लेथ फिरताना मी इथे पहिल्यांदा पाहिला. मिस्त्री एउसेबियो म्हणाले, "पोरी, नावं सगळी पाठ आहेत तुला. आता हात लाव की." कार्निवालनंतरच्या गुरुवारी परीक्षा आहे. दांडा कातून दाखवला तर कायम, नाहीतर घरी.

तुझी माया असू दे.

देइसी

एल आल्टो, २१ फेब्रुवारी

ती. आजीस नमस्कार.

अक्षर डाव्या हाताचं आहे, समजून घे. सगळ्यांनी आपापल्या माळा बुधवारीच काढल्या होत्या. तुझी मी ठेवली. माळ काढायची असते हे मनातच आलं नाही. गुरुवारी परीक्षेला मिस्त्री दांडा आणायला वळले, मी बटण दाबलं. माळेचं मोकळं टोक लेथच्या फिरत्या तोंडात गेलं, मी धरायला हात घातला. माळ तुटली नाही. मिस्त्रींनी धावत येऊन बंद केलं म्हणून हात राहिला, दोन बोटं गेली. ते रडत विचारत होते, "तुला पास कुणी केलं?"

कायम होण्याचं आता विचारू नकोस.

देइसी

कारापाता, २८ फेब्रुवारी

चि. देइसीस आजीचे आशीर्वाद.

वि. वि. मी कात्री घेऊन शाळेत गेले. लेथवरच्या सगळ्या माळा कापल्या. हेडसरांना म्हटलं, पोरांसमोर चालू करून दाखवा. म्हणाले, "सातुर्निनाबाई, तुम्हाला यातलं कळत नाही." खरंच आहे. मग मी वायर चाचपत मागे गेले. टोक कोऱ्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि ते घालायला भिंतीत जागाच नाही. पोरं फळ्यावरचं उतरवून घेत होती.

पिल्लू आता पळतं. जूनमध्ये थंडी येईल म्हणून तुला हातमोजे विणलेत. लोकर तीच आहे, दुसरी नव्हती. उजव्याला दोन बोटं कमी घातलीत. कुठली दोन ते तू लिहिलं नव्हतंस, म्हणून शेवटची धरली. चुकलं असेल तर कळव, उसवून देते.

आजी